बत्तीस जीबीत बसेल अशी सिस्टीम सांगा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून या सदराकडे छोट्या लॅपटॉपवाल्यांचीच पत्रं जास्त येतायत. सगळ्यांचं दुखणं साधारण एकच आहे, मशीन चालू आहे, स्क्रीन धड आहे, पण आत जागा नाही आणि विंडोज ११ बसत नाही (त्याला ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज लागतं, म्हणजे विषयच मिटला). म्हणून यावेळचं अख्खं सदर यालाच देऊन टाकलंय.

प्रश्न: सर, आमच्याकडे २०१६ साली दहा हजारांच्या आत घेतलेला ११.६ इंची लॅपटॉप आहे, रॅम २ जीबी, स्टोरेज ३२ जीबी. सी ड्राइव्ह कायम लाल. अपडेट करायला गेलं की म्हणतो जागा करा, आता काय करणार, फोटो गाणी सगळं आधीच पेन ड्राइव्हवर नेलंय. मुलगी आठवीत आहे, तिला मराठी टायपिंग, यूट्यूबवरचे धडे आणि थोडं स्क्रॅच (मुलांसाठीचं प्रोग्रॅमिंग) शिकायचंय. कुणी लुबुंटू सांगतं, कुणी मिंट सांगतं. सगळ्यात कमी जागा घेणारी सिस्टीम कुठली ते एकदा सांगून टाका. — एक शिक्षिका, तासगाव

उत्तर: ताई, सगळ्यात कमी जागा घेणारी कुठली हे विचारूच नका, कारण इन्स्टॉल झाल्या दिवशी तर सगळ्याच बसतात. ३२ जीबी म्हणजे सिस्टीमला दिसतात २९ च्या आसपास, आणि लुबुंटू, मिंटसारख्या बहुतेक लिनक्स सिस्टीम (विंडोजऐवजी टाकायच्या मोफत सिस्टीम) पाच ते बारा जीबीत मांडून होतात. तुमचं विंडोजही पहिल्या दिवशी बसलंच होतं की, म्हणून तर ते दुकानात विकलं गेलं. नंतर अपडेटवर अपडेट साठत गेले, जुन्या फायली मागे राहत गेल्या, आणि नवीन मशीनमध्ये तर २०१९ च्या मे अपडेटपासून सुमारे ७ जीबी जागा विंडोज स्वतःच राखून ठेवायला लागलं. तेव्हा प्रश्न असा विचारायचा की वर्षभराने ही सिस्टीम किती जागा खाऊन बसलेली असेल.

या हिशेबाने पाहिलं की लुबुंटू मागे पडतं. दिसायला ते हलकंच आहे, मला आवडतंही, पण २२.०४ पासून त्यात फायरफॉक्स ब्राउझर स्नॅप म्हणून (सगळ्या सामानासकट एकाच गाठोड्यात) येतो, आणि स्नॅपची सवय अशी की नवीन व्हर्जन आलं तरी आधीचं लगेच टाकून देत नाही, अडीअडचणीला परत जाता यावं म्हणून दोन्ही ठेवतं. ५०० जीबीच्या मशीनवर ही चांगली सोय आहे, तुमच्याकडे मात्र एका ब्राउझरच्या दोन प्रती सांभाळायला जागा आहे कुठे. फ्लॅटपॅक या दुसऱ्या गाठोड्याचंही तसंच, एक छोटं ॲप घ्यायला जावं तर त्याच्यासोबत लागणारं रनटाइम म्हणून जीबीभर सामान उतरतं. मिंट छान आहे पण २ जीबी रॅमला सिनॅमन डेस्कटॉप झेपत नाही.

तुम्हाला मी डेबियन सांगेन, ६४ बिटचं, एलएक्सक्यूटी नावाच्या हलक्या डेस्कटॉपसोबत. डेबियनची स्टेबल आवृत्ती साधारण दोन वर्षांनी एकदा बदलते, मधल्या काळात बहुतेक फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात, ॲप्सची नवीनवी व्हर्जनं येत नाहीत. लोक याला कंटाळवाणं म्हणतात, आपल्याला नेमकं तेच हवंय, कारण अपडेट छोटे राहतात. महिन्यातून एकदा टर्मिनल उघडून 'सुडो ॲप्ट क्लीन' आणि मग 'सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह' (इंग्रजीत, छोट्या लिपीत) एवढं चालवलं की डाउनलोड केलेल्या पॅकेजच्या फायली आणि जुने कर्नल (सिस्टीमचा गाभा) निघून जातात. हे मुलीलाच शिकवा, तिला मजा येईल.

आता अडचणीची गोष्ट, आणि इथेच बरेच जण हात टेकतात. त्या काळातल्या स्वस्त लॅपटॉपमध्ये बहुतेक इंटेलचा ॲटम झेड३७३५एफ असायचा, आयबॉलचा कॉम्पबुक २०१६ मध्ये ९,९९९ रुपयांना आला त्यातही हाच होता, २ जीबी रॅम आणि ३२ जीबी ईएमएमसी (डिस्कऐवजी असलेली साठवणीची चिप). हा प्रोसेसर ६४ बिटचा आहे पण त्याच्यासोबतचं फर्मवेअर (मशीन सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर) बऱ्याच मशीनमध्ये ३२ बिटचं असतं. परिणाम असा की तुम्ही व्यवस्थित पेन ड्राइव्ह बनवता, लावता, आणि बूट मेनूत तो दिसतच नाही, मग माणूस पेन ड्राइव्हला शिव्या घालत बसतो. म्हणून आधीच बघून घ्या. आयएसओ (सिस्टीमची डाउनलोड केलेली फाइल) पेन ड्राइव्हवर टाकली की तो ड्राइव्ह उघडा, त्यात ईएफआय नावाचा फोल्डर, त्याच्या आत बूट नावाचा, आणि त्यात दोन फायली असायला हव्यात, एकीच्या नावात 'एक्स६४' आणि दुसरीच्या नावात 'आयए३२'. ही आयए३२ वाली नसेल तर ती आयएसओ तुमच्या मशीनच्या कामाची नाही, दुसरी शोधा. सिक्युअर बूटही सेटिंगमध्ये जाऊन बंद करून ठेवा, काही आयएसओ त्यालाच अडतात.

बूट झाली की लगेच इन्स्टॉलवर बोट दाबू नका. लाइव्ह मोडमध्ये, म्हणजे थेट पेन ड्राइव्हवरूनच, अर्धा तास वापरा, वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतंय का, ब्राइटनेसची बटणं चालतायत का. या मशीनमध्ये वायफाय बऱ्याचदा रिअलटेकच्या आरटीएल८७२३बीएस चिपवर असतं, तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे, त्यामुळे ते सहसा लागतं. आवाजाचं मात्र मशीनगणिक वेगळं असतं, लाइव्हमध्ये आवाज आला नाही तर इन्स्टॉल केल्यावर आपोआप येईल अशा आशेवर राहू नका. स्वस्तात सोडवायचं तर शंभर-दोनशे रुपयांचं यूएसबी साउंड कार्ड मिळतं ते लावायचं, मी तरी त्यात डोकं घालत बसलो नसतो.

इन्स्टॉल करताना सगळी जागा एकाच एक्स्ट४ पार्टिशनला (डिस्कच्या कप्प्याला) द्या. होम (आपल्या फायलींचा फोल्डर) वेगळं करा असा सल्ला खूप जण देतात, मोठ्या डिस्कवर तो बरोबर आहे, २९ जीबीत मात्र इकडे चार जीबी रिकामे आणि तिकडे जागा संपलेली असं होऊन बसतं. स्वॅप पार्टिशन (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) घेऊ नका, त्याऐवजी नंतर झेडरॅम टाका, डेबियनमध्ये 'झेडरॅम-टूल्स' नावाचं पॅकेज आहे. ते रॅमचाच एक भाग दाबून वापरतं, म्हणजे २ जीबीत थोडं जास्त मावतं आणि ईएमएमसीवर सारखं लिहिणं होत नाही. ईएमएमसी बोर्डावर सोल्डर केलेली असते, ती झिजली तर बदलता येत नाही, तेव्हा तिला जेवढं कमी घासाल तेवढं बरं.

फोटो, व्हिडिओ, मुलीचे प्रोजेक्ट एसडी कार्डवर ठेवा. कार्ड कायमचं जोडायला एफएसटॅब फाइलमध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची त्याची यादी) एक ओळ लिहावी लागते, त्या ओळीत 'नोफेल' हा शब्द विसरू नका. नाहीतर कधीतरी मुलगी मोबाइलसाठी ते कार्ड काढून नेणार, लॅपटॉप चालू करताना त्या कार्डाची दीड मिनिट वाट बघत बसणार, आणि मग काळ्या स्क्रीनवर इमर्जन्सी मोड आला म्हणून घाबरवणार. सिस्टीम मात्र कार्डावर टाकायची नाही, फार हळू चालते.

मराठीचं सोपं आहे. 'फॉन्ट्स-देव' हे पॅकेज टाकलं की देवनागरी फॉन्ट येतात. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारताच्या लेआउटमध्ये मराठी कागपा फोनेटिक आहे, तो मुलांना पटकन जमतो. सरकारी कामाच्या दृष्टीने शिकवायचं असेल तर इनस्क्रिप्ट शिकवा, त्यासाठी आयबस आणि एम१७एन ही टायपिंगची पॅकेजं घ्या. एकदा इनस्क्रिप्ट बोटात बसलं की विंडोज असो लिनक्स असो, कुठेही तेच.

यूट्यूबसाठी ४८० वरच समाधान माना. या ॲटमला एच२६४ प्रकारचा व्हिडिओ हार्डवेअरमध्ये उलगडता येतो, पण यूट्यूब आपलं व्हीपी९ या दुसऱ्याच प्रकारात पाठवतं आणि मग सगळा भार प्रोसेसरवर पडतो. फायरफॉक्समध्ये 'एच२६४इफाय' नावाचं एक्स्टेन्शन टाका, ते यूट्यूबकडून एच२६४ मागून घेतं, फरक लगेच जाणवतो. आणि व्हिडिओ चालू असताना मशीन थिजून बसायला लागलं, माउससुद्धा हलेना, तर तो या पिढीतल्या ॲटमचा जुना आजार आहे. ग्रबच्या (लिनक्स सुरू करणाऱ्या मेनूच्या) कर्नल ओळीत इंटेल अंडरस्कोअर आयडल डॉट मॅक्स अंडरस्कोअर सीस्टेट इक्वल टू १ हे लिहायचं (हुश्श), त्याने बहुतेक वेळा थांबतं, बॅटरी मात्र थोडी लवकर उतरते. स्क्रॅच ब्राउझरमध्ये चालेल, पण तेव्हा दुसरा एकही टॅब उघडा ठेवू नका.

आणि हो, विंडोज पुसलं म्हणून लायसन्स गेलं असं समजू नका, मशीनसोबतच विंडोज आलेलं असेल तर त्याची की या लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्येच असते.

प्रश्न: नमस्कार. बँकेतून निवृत्त झालो आहे. २००९ साली मुलाने घेतलेला १० इंची नेटबुक कपाटात सापडला. ॲटम एन२७०, १ जीबी रॅम, १६० जीबी हार्ड डिस्क, त्यावर एक्सपी आहे. वर्तमानपत्रं वाचणे, ईमेल, भजनं ऐकणे एवढीच अपेक्षा. — रत्नागिरी

उत्तर: काका, तुमच्याकडे जागेची ददात नाही, अडचण प्रोसेसरची आहे. एन२७० निव्वळ ३२ बिटचा, आणि ३२ बिटची दुकानं एकेक करून बंद होतायत. क्रोमने लिनक्सवर ३२ बिट २०१६ मध्येच सोडलं. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं त्यात ३२ बिटचा इन्स्टॉलरच नाही, आणि मोझिलानेही फायरफॉक्स १४५ पासून ३२ बिट लिनक्ससाठी देणं बंद केलं. म्हणून तुम्हाला अँटिएक्स २३ घ्यायला सांगतो, ते डेबियन १२ वर बेतलेलं आहे, आणि डेबियन १२ ची लांब मुदतीची देखभाल जून २०२८ पर्यंत ठरलेली आहे. म्हणजे अजून काही काळ निघेल. अँटिएक्सच्या चार आवृत्त्या येतात, फुल, बेस, कोअर आणि नेट, तुम्ही फुल घ्या, डोक्याला ताप नको. सुरू झाल्यावर दीड-दोनशे एमबीत बसतं, बाकी रॅम ब्राउझरला.

पण १ जीबीत आजची वर्तमानपत्रांची पानं उघडताना तुमचा संयम सुटणार, त्यात जाहिरातीच इतक्या असतात. दोन कामं करा. एक, जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन एक्स्टेन्शन टाका, अशा मशीनवर ते चैनीचं नाही, गरजेचं आहे. दुसरं, मागचं झाकण उघडून रॅम बदला. या नेटबुकमध्ये बहुतेक एकच स्लॉट असतो, डीडीआर२ लॅपटॉपची, जास्तीत जास्त २ जीबी चालते. नवीन शोधू नका, मुंबईत कुणी जाणार असेल तर लॅमिंग्टन रोडवर जुन्या मालात मिळून जाईल. हार्ड डिस्क अडीच इंची साटा असते, तिच्या जागी १२० जीबीची स्वस्त एसएसडी टाकली तर एवढा फरक पडेल की मुलगा विचारेल नवीन घेतला का म्हणून. फक्त मशीनवर यापेक्षा जास्त खर्च करू नका.

एक बारीक त्रास होईल. तुमची स्क्रीन १०२४ बाय ६०० आहे, तिच्यावर काही खिडक्यांची खालची ओके-कॅन्सलची बटणं स्क्रीनच्या बाहेर जातात, दिसतच नाहीत. ऑल्ट दाबून धरायचं, खिडकीवर कुठेही माउसने पकडायचं आणि वर ओढायचं, बटणं वर येतात.

बँकेचे व्यवहार यावर करू नका. तुम्हाला मी वेगळं काय सांगणार.

प्रश्न: दादा क्रोम ओएस फ्लेक्स टाकू का? माझ्याकडे पण सेम ३२ जीबी २ जीबी वाला आहे, गुगलचं आहे म्हणजे हलकंच असणार ना. आणि प्ले स्टोअर मिळेल ना? — डिप्लोमाचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: नको टाकू. त्याला ४ जीबी रॅम लागते असं गुगल स्वतः सांगतं, जागा १६ जीबी पुरते म्हणजे त्या बाबतीत तू पास आहेस, पण रॅममध्ये नापास. आणि फ्लेक्सवर प्ले स्टोअर येत नाही, ते क्रोमबुकवर असतं, इथे अँड्रॉइड ॲप्स चालत नाहीत. वर तासगावच्या ताईंना लिहिलंय ते तुलाही लागू आहे. डिप्लोमाला सी आणि पायथन असेल तर डेबियनवर जीसीसी, पायथन आणि जीनी नावाचा छोटा एडिटर घे, काम होऊन जाईल. व्हीएस कोड या रॅमवर टाकायच्या भानगडीत पडू नकोस.

प्रश्न: आमच्या इथला दुकानदार म्हणतो पाचशे रुपयांत विंडोज ११ ची कापून छोटी केलेली आवृत्ती टाकून देतो, ३२ जीबीत आरामात बसते. घ्यावी का? — पिंपरी

उत्तर: कापलीय कुणी, काय काढलं आणि काय घातलं, हे त्या दुकानदारालाही माहीत नसतं. कुठून तरी उतरवलेली आयएसओ असते ती. बऱ्याचदा अपडेटची यंत्रणा आणि डिफेंडर हा विंडोजचा अँटिव्हायरसच छाटलेला असतो, म्हणून तर छोटी होते. त्या लॅपटॉपवर तुम्ही यूपीआय, मेल, आधारचे कागद उघडणार असाल तर अजिबात नको. पाचशे रुपयांत चांगलं एसडी कार्ड घ्या.

प्रश्न: लग्नपत्रिका, हँडबिलं यांचं डीटीपी करतो. घरी कामासाठी छोटा ३२ जीबीवाला लॅपटॉप आहे, श्रीलिपी आणि पेजमेकर त्यावर आहे, पण जागा संपली. लिनक्सवर गेलो तर चालेल का? — सोलापूर

उत्तर: तुम्ही जाऊ नका. श्रीलिपी विंडोजचं सॉफ्टवेअर आहे, आणि तुमच्या जुन्या फायली युनिकोडमध्ये नसणार, त्या फॉन्टशिवाय उघडल्या की अक्षरांच्या जागी नुसती चिन्हं. वाइनमधून (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) चालवून बघता येतं पण गिऱ्हाईक समोर उभं असताना ते प्रयोग करायचे नसतात. विंडोजच ठेवा आणि जागा काढा. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'कॉम्पॅक्ट डॉट ईएक्सई स्लॅश कॉम्पॅक्टओएस कोलन ऑलवेज' ही कमांड द्या (कॉम्पॅक्ट डॉट ईएक्सईनंतर एक स्पेस), ती विंडोजच्या स्वतःच्या फायली दाबून ठेवते, दोन जीबीच्या आसपास सुटतात. मग 'पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑफ' दिलं की हायबरनेशनची फाइल जाते. डिस्क क्लीनअपमध्ये जाऊन सिस्टीम फाइल्सचं बटण दाबा, जुनं विंडोज इन्स्टॉलेशन दिसलं तर खूण करून उडवा. आता सुरक्षेचे नेहमीचे अपडेट नाहीत, तेव्हा तो लॅपटॉप नेटला जोडूच नका, मोबाइलवर आलेला मजकूर पेन ड्राइव्हने न्या. कामाच्या फायली मात्र दुसरीकडे कुठेतरी रोज कॉपी करत जा, एकाच ईएमएमसीवर अख्ख्या लग्नसराईचा धंदा ठेवू नका.

प्रश्न: सरकारचं बॉस लिनक्स आहे ना, सीडॅकचं? आपलं भारतीय असताना हे बाहेरचे कशाला? — एक वाचक, जळगाव

उत्तर: आहे, आणि तेही डेबियनवरच उभं आहे, त्यामुळे बाहेरचं-आतलं असा फरक फार राहत नाही. भारतीय भाषांची सोय त्यात पहिल्यापासून चांगली आहे. शाळा-ऑफिसच्या नेहमीच्या डेस्कटॉपवर जरूर वापरा, २ जीबी रॅमच्या ईएमएमसीवाल्यावर मात्र मी थेट डेबियनच टाकेन, डेस्कटॉप हलका निवडता येतो म्हणून.

प्रश्न: माझ्याकडे आसुसचा पहिला ईईई पीसी आहे, ७०१, सात इंची, ४ जीबी एसएसडी, ५१२ एमबी रॅम. चालू होतो. टाकवत नाही. काही होईल का? — ठाणे

उत्तर: २००७ चं मशीन आजही चालू होतंय म्हणजे जपलंय तुम्ही. याला पपी लिनक्स. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलर यांनी सुरू केलेलं, आणि ते अशाच मशीनसाठी जन्माला आलंय असं वाटावं. यात सिस्टीम हजारो फायलींमध्ये पसरत नाही, काही मोजक्या दाबलेल्या फायलींमध्येच राहते, चालू करताना तिथूनच वाचली जाते, आणि तुम्ही केलेले बदल वेगळ्या सेव्ह फाइलमध्ये जातात. इन्स्टॉल करताना फ्रूगल हा पर्याय निवडा, फुल नको. सेव्ह फाइल एसडी कार्डवर ठेवता येते म्हणजे आतली ४ जीबी बरीचशी मोकळी. ३२ बिटचं बुकवर्मपप उतरवा, ५१२ एमबीत जड गेलं तर एखादं जुनं पपी बघा. टायनी कोअर तर २३ एमबीचं आहे, विश्वास बसत नाही, पण त्यात वायफायपासून सगळं स्वतः गोळा करावं लागतं, तुम्हाला हौस दिसतेय तर एखाद्या रविवारी बसा.

ब्राउझिंगची अपेक्षा ठेवू नका. ८०० बाय ४८० स्क्रीनवर आजची वेबसाइट म्हणजे नुसता वरचा पट्टा आणि कुकीची परवानगी. एमपीथ्री, साधं टायपिंग, मुलांना टर्मिनल शिकवणं, यासाठी झकास. बॅटरी फुगलीय का तेवढं उलटं करून बघा, फुगली असेल तर आधी ती काढून बाजूला ठेवा आणि चार्जरवरच चालवा.